फायटरचे हिट पॉइंट्स विझार्डपेक्षा कमी: चूक हिशेबात की फाशात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या भूमिकाखेळाची पाचवी आवृत्ती, नियम २०१४चे. पात्र पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा गुण) सुरुवातीला १५ होतं, चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन एकेकाने वाढवल्यावर ते १६ झालं. दर लेव्हलला फासा टाकला, तर १, ३, २ आणि ४ पडले. पात्राच्या शीटवर एकूण हिट पॉइंट्स (किती मार सोसता येईल तो आकडा) ३२, आणि शेजारी बसलेल्या विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, शीटवर ३८. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो, "फाशाचं नशीब." प्रश्न तीन: हे ३२ बरोबर आहेत का? फासा टाकावा की पुस्तकातला ठरलेला आकडा घ्यावा? आणि तिसरा, जरा वैतागून विचारलेला: डीएम प्रत्येक वार पोटात घुसल्याचं सांगतो, आणि रात्रभर झोपून सकाळी सगळे ठणठणीत उठतात, तर हे हिट पॉइंट्स म्हणजे नक्की आहे तरी काय?

मी बरीच वर्षं टेबलाच्या डीएमच्या बाजूला बसतोय. या तिन्ही प्रश्नांच्या खाली मला एकच तक्रार दिसते: "मी पुढे उभा राहून मार खायला हे पात्र घेतलं, आणि आता मलाच मागे उभं राहावंसं वाटतंय." हिशेब दुरुस्त केल्याने ही तक्रार पूर्ण जाणार नाही. पण सुरुवात हिशेबापासूनच करू, कारण तुमचा हिशेब चुकलाय.

पहिल्या लेव्हलला फासा टाकायचा नसतो. तुमच्या क्लासच्या (पात्राच्या पेशाच्या) हिट डायचा, म्हणजे हिट पॉइंट्सच्या फाशाचा, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर मिळवायचा. फायटरचा फासा दहा बाजूंचा, म्हणजे १०. विझार्ड आणि सॉर्सररचा सहाचा, फायटर, पॅलडिन आणि रेंजर यांचा दहाचा, बार्बेरियनचा बाराचा, आणि क्लेरिक, रोग, बार्ड वगैरे बाकीची मंडळी आठच्या फाशावर. मॉडिफायर काढताना कॉन्स्टिट्यूशनमधून १० वजा करायचे, उरलेल्याचं अर्धं करायचं आणि अपूर्णांक खाली सोडायचा. १५ चा मॉडिफायर २, १६ चा ३.

दुसऱ्या लेव्हलपासून पुढे दर वेळी एक फासा टाकायचा, किंवा ठरलेला आकडा घ्यायचा, आणि त्यात मॉडिफायर मिळवायचा. ठरलेला आकडा सहाच्या फाशाला ४, आठच्या ५, दहाच्या ६, बाराच्या ७. कॉन्स्टिट्यूशन कितीही वाईट असलं तरी एका लेव्हलला निदान १ हिट पॉइंट मिळतोच.

तुम्ही केलेली बेरीज मला अशी दिसते: पहिल्या लेव्हलला १२, मग १ अधिक २ मिळून १५, मग ३ अधिक २ मिळून २०, चौथ्याला नवा मॉडिफायर धरून २ अधिक ३ म्हणजे २५, आणि पाचव्याला ४ अधिक ३ म्हणजे ३२. बेरीज चोख आहे, पण एक नियम सुटला. कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर वाढला की तो मागच्या सगळ्या लेव्हलनाही लागू होतो, जणू पहिल्यापासून तेवढाच होता. पहिल्या तीन लेव्हलचा एकेक पॉइंट तुमचा राहिलाय. म्हणून ३२ नाही, ३५.

ही चूक मी इतक्या शीटवर पाहिली आहे की आता चौथ्या आणि आठव्या लेव्हलला मी आपणहून विचारतो, "कोणी कॉन्स्टिट्यूशन वाढवलं का?" चूक टाळायची सोपी युक्ती सांगतो. हिट पॉइंट्स लेव्हलगणिक एकावर एक चढवत जाऊ नका. शीटच्या कोपऱ्यात फक्त फाशांचे आकडे लिहून ठेवा: १०, १, ३, २, ४. त्यांची बेरीज २०. मग एकूण लेव्हलला आजच्या मॉडिफायरने गुणा: ५ गुणिले ३, म्हणजे १५. दोन्ही मिळून ३५. उद्या कॉन्स्टिट्यूशन बदललं तर फक्त दुसरा भाग बदलतो. हिल ड्वार्फ वंशाच्या पात्राला दर लेव्हलला मिळणारा जास्तीचा १, टफ हे फीट (खास कौशल्य) घेतल्यावर मिळणारे दर लेव्हलचे २, हेही याच गुणाकारात बसतात.

मल्टिक्लास करायचा, म्हणजे पुढे दुसऱ्या क्लासच्या लेव्हल घ्यायचा, विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की फाशाचा पूर्ण आकडा आयुष्यात एकदाच मिळतो, पात्राच्या पहिल्यावहिल्या लेव्हलला. पुढे बार्बेरियनची एक लेव्हल घेतली म्हणून १२ मिळत नाहीत. बाराचा फासा टाका किंवा ७ घ्या.

आणि टेम्पररी हिट पॉइंट्स या बेरजेत कधीच धरू नका. ते वेगळ्या चौकटीत लिहायचे, मार बसला की आधी ते जातात, उपचाराने ते परत येत नाहीत. दोन ठिकाणांहून मिळाले तर बेरीज होत नाही, दोनपैकी कोणते ठेवायचे ते तुम्ही निवडायचं.

तर हिशेबाचं झालं. तुम्ही ३५, विझार्ड ३८. तीन पॉइंट परत मिळाले तरी खुपणारी गोष्ट जागेवरच आहे. आता फाशाकडे वळू.

तुमचं नशीब खरंच किती वाईट होतं? दहा बाजूंच्या चार फाशांची बेरीज १० किंवा त्याहून कमी येण्याच्या शक्यता १०,००० पैकी २१०. म्हणजे शंभरात दोनदा. तुमचा विझार्ड मित्रही कमी नाही. त्याचं कॉन्स्टिट्यूशन १४ धरलं तर ३८ व्हायला सहाच्या चार फाशांची बेरीज २२ लागते. २२ किंवा जास्त येण्याची शक्यता १,२९६ पैकी १५, शंभरात एकदाच्या जरा वर. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर घडल्या, म्हणून चित्र इतकं उलटं दिसतंय. तुम्ही दोघांनी ठरलेले आकडे घेतले असते तर तुमचे ४९ आणि त्याचे ३२ असते.

"फासा आहे, कधी वर कधी खाली, शेवटी सरासरी जुळते," असं डीएम म्हणेल. तलवारीच्या वाराबाबत ते खरं आहे. एका मोहिमेत तुम्ही शेकडो वार करता, आजचा हुकलेला वार पुढच्या फेरीत विसरला जातो. हिट पॉइंट्सचा फासा मात्र पाचव्या लेव्हलपर्यंत फक्त चारदा पडतो आणि प्रत्येक आकडा मोहीम संपेपर्यंत अंगाला चिकटून राहतो. चार फाशांत सरासरी जुळत नसते. विसाव्या लेव्हलला एकोणीस फासे पडून गेलेले असतात, तेव्हा थोडीफार जुळते, पण तिथपर्यंत पोहोचणारी मोहीम मी स्वतः एकदाच चालवली आहे.

माझं मत यावर एका प्रसंगाने बदललं. आमच्या एका मोहिमेत बार्बेरियन घेतलेल्या खेळाडूला दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलला १ आणि २ पडले. बाराच्या फाशावर. सगळे हसले, मीही हसलो, तोही हसला. दोन-तीन सेशननंतर माझ्या लक्षात आलं की हा माणूस प्रत्येक लढाईत दाराच्या चौकटीत उभा राहून भाले फेकतोय. रेज (बार्बेरियनचा लढाईतला संताप) वापरत नव्हता, पुढे जात नव्हता. तो चुकीचं खेळत होता असं नाही. शीटवरचा आकडा बघून अगदी शहाण्यासारखं खेळत होता. फक्त ज्यासाठी त्याने बार्बेरियन घेतला होता, तेच त्याला करता येत नव्हतं. ती मोहीम संपेपर्यंत मी काही बदललं नाही, आणि त्याची मला अजूनही चुटपुट आहे. त्यानंतर माझ्या टेबलावर ठरलेलाच आकडा असतो.

ठरलेला आकडा घेणं म्हणजे भित्रेपणा, असंही काही जण म्हणतात. गणित उलट सांगतं. दहाच्या फाशाची खरी सरासरी ५.५ आणि ठरलेला आकडा ६. पुस्तकाने वरच्या बाजूला पूर्णांक केलाय. फासा न टाकणाऱ्याला दर लेव्हलला अर्धा पॉइंट फुकट मिळतो. (राक्षसांच्या बाबतीत पुस्तक तितकं दिलदार नाही. ओगरचे सात फासे आणि वरचे २१ मिळून सरासरी ५९.५ येते, आणि छापलेत ५९.) फासा टाकायचा तो थरारासाठी. थरार हवा असेल तर खुशाल टाका, पण जास्त हिट पॉइंट्स मिळतील या आशेने टाकू नका. आणि नियमाप्रमाणे आधी ठरवायचं, मग टाकायचं. फासा टाकून २ पडल्यावर "मग मी ६ घेतो" हे चालत नाही, टेबलाने तसा वेगळा नियम केला नसेल तर.

असे घरचे नियम बरेच टेबल करतात. सगळ्यात जास्त दिसणारा: फासा टाका, ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पडलं तर ठरलेला घ्या. दहाच्या फाशावर याची सरासरी ७ होते. दुसरा: दोन फासे टाका, मोठा घ्या. त्याची सरासरी ७.१५. ऐकायला दोन्ही मवाळ वाटतात, पण ठरलेल्या आकड्यापेक्षा दर लेव्हलला एक पॉइंट जास्त म्हणजे दहाव्या लेव्हलला नऊ जास्तीचे, आणि ते पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, प्रत्येकाला कमीअधिक. डीएमने त्याप्रमाणे शत्रू थोडे जड केले नाहीत तर लढाया पिळपिळीत होतात. मी एका छोट्या मोहिमेत सगळ्यांना प्रत्येक लेव्हलला पूर्ण आकडा देऊन पाहिला होता. दोन सेशन मजा आली. मग क्लेरिकने विचारलं, "मी उपचाराचे स्पेल घेऊन बसलोय ते कोणासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे एक गोष्ट कबूल करतो: ठरलेलाच आकडा सगळीकडे बरा, असं मी म्हणणार नाही. एका संध्याकाळचा खेळ असेल, किंवा पात्रं पटापट मरणार आणि नवी येणार असा करार असेल, तर फासा मस्त. एक अशक्त फायटर दोन तासांपुरता गमतीचा असतो. जुन्या आवृत्त्यांत तर पहिल्या लेव्हललाही फासाच टाकत, आणि चारच्या फाशावरचा जादूगार १ हिट पॉइंट घेऊन गुहेत शिरत असे. तो खेळ तसाच खेळायचा असतो: दार उघडण्याआधी दहादा विचार करून, आणि खिशात दुसरं पात्र तयार ठेवून. वर्षभर एकच पात्र जपायचं असेल तर तो करार वेगळा.

आता, ३५ आणि ३८ ची तुलना करताना तुम्ही आणखी एक गोष्ट विसरताय, आणि ती तुमच्या बाजूची आहे. हिट पॉइंट्सचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो समोरच्याच्या वाराने भागायचा असतो. मी नवीन खेळाडूंना नेहमी विचारतो, "किती वार झेलशील?"

ओगरची गदा घ्या. वार लागला तर सरासरी १३ पॉइंट जातात. ३५ असोत वा ३८, तिसऱ्या लागलेल्या वाराला दोघेही आडवे. म्हणजे तुमच्या दोघांतला तो खुपणारा तीन पॉइंटचा फरक ओगरसमोर शून्य आहे. ४९ असते तर चौथा वार लागला असता. तो एक वार हेच तुमचं खरं नुकसान.

पण हे झालं लागलेल्या वारांचं. ओगरचा वार प्रत्येक वेळी लागत नाही. तुमच्याकडे चेन मेल (साखळ्यांचं चिलखत) आणि ढाल आहे असं धरतो, म्हणजे आर्मर क्लास, वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १८. ओगर वीसच्या फाशावर ६ मिळवतो, त्याला १२ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे १०० पैकी ४५ वार लागतील. विझार्डने मेज आर्मर (जादूचं चिलखत) लावलं असलं आणि त्याची डेक्सटेरिटी (चपळाई) १४ असली तर त्याचा आर्मर क्लास १५, त्याला १०० पैकी ६० वार लागतील. क्रिटिकलचा (खास जोराच्या वाराचा) जास्तीचा मार सोडून दिला आणि हुकलेले वार धरून दर वाराचा सरासरी मार घेतला तर ढोबळमानाने ओगरला तुम्हाला पाडायला सरासरी सहा वेळा गदा फिरवावी लागते आणि विझार्डला पाडायला पाचपेक्षा थोडी कमी. फरक बारीक आहे, कबूल. ४९ वर तुम्ही आठाच्या पुढे गेला असता. शिवाय तुमच्याकडे सेकंड विंड (स्वतःला सावरायची फायटरची क्षमता) आहे: पाचव्या लेव्हलला दहाचा एक फासा अधिक ५, साधारण दहा पॉइंट, प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) नव्याने. त्याने तुम्ही जवळपास आठ वारांपर्यंत जाता.

आणि दिवसभराचं पाहिलं तर चित्र आणखी सुधारतं. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं म्हणून जरा थांबून सांगतो. हिट डाय फक्त लेव्हल चढताना वापरायची वस्तू नाही. जितकी लेव्हल तितके फासे तुमच्या खिशात असतात आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये ते खर्चून तुम्ही पॉइंट परत मिळवता, प्रत्येक फाशाला मॉडिफायर मिळवून. लेव्हल चढताना काय पडलं होतं त्याचा या साठ्याशी काही संबंध नाही. तुमचे पाच फासे, प्रत्येकी सरासरी ८.५, म्हणजे दिवसाला साडेबेचाळीस पॉइंटचा साठा. तुमच्या कमाल आकड्यापेक्षाही मोठा! विझार्डचे पाच फासे, प्रत्येकी ५.५, म्हणजे साडेसत्तावीस. कमाल आणि साठा मिळवला तर तुमचे साडेसत्याहत्तर, त्याचे साडेपासष्ट. सेकंड विंड अजून धरलेलंच नाही.

म्हणून कमी कमाल असलेल्या फायटरला माझा पहिला सल्ला असा: शॉर्ट रेस्टसाठी भांडा. लढाई संपल्यावर "चला पुढे" म्हणणारे बहुतेक स्पेल टाकणारे असतात, त्यांना शॉर्ट रेस्टमधून फारसं मिळत नाही. तुम्ही २० वर असताना पुढच्या खोलीत शिरू नका, तासभर बसा, दोन फासे टाका. फक्त सगळे एकाच दिवशी उधळू नका. २०१४च्या नियमांत लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) हिट पॉइंट्स पूर्ण भरतात पण खर्च केलेले फासे एकूणच्या निम्मेच परत येतात, पाचांपैकी दोन. २०२४च्या नव्या नियमांत सगळे परत येतात. तुमचं टेबल कोणतं पुस्तक वापरतं ते आधी विचारून घ्या.

कमाल आकडा कमी असण्याचा खरा धोका दुसरीकडे आहे. शून्यावर आल्यावर उरलेला मार तुमच्या कमाल हिट पॉइंट्सइतका किंवा जास्त असेल, तर डेथ सेव्हिंग थ्रो (जीव वाचवायचा फासा) वगैरे काही नाही, पात्र जागच्या जागी मेलं. पहिल्या लेव्हलचा विझार्ड ८ पॉइंटचा असतो. ओगरच्या वाराने १६ किंवा जास्त गेले की संपलं, आणि लागलेल्या चार वारांतला जवळपास एक तसा असतो. पाचव्या लेव्हलच्या ३५ वाल्या फायटरला हे व्हायला एखादा ड्रॅगनच हवा. तुम्ही पडाल, पण बहुधा पडून राहाल. मग वीसचा फासा, १० किंवा वर आलं तर यश, तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. २० पडले तर १ पॉइंट घेऊन उठून बसता, १ पडला तर दोन अपयशं. कोणी मदतीला आलं नाही आणि पुन्हा मार बसला नाही तरी जगण्याची शक्यता मरण्यापेक्षा जास्त असते. पडलेल्यावर कोणी वार केला तर मात्र प्रत्येक लागलेला वार म्हणजे एक अपयश, आणि अगदी जवळून लागलेला वार क्रिटिकल धरतात, म्हणजे दोन.

आता तिसरा प्रश्न, पोटात घुसलेल्या तलवारीचा.

हिट पॉइंट्स म्हणजे रक्तमांस, असं धरलं की हा खेळ हास्यास्पद होतो. पुस्तकही तसं म्हणत नाही. शरीराची आणि मनाची तग, जगण्याची इच्छा आणि नशीब यांचं ते मिश्रण आहे, असं २०१४चं पुस्तक सांगतं. हा घोळ खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १९७४ साली हा खेळ आला त्याआधी त्याचे जनक छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळात रमलेले होते, आणि तिथे साधा सैनिक एका फटक्यात पटावरून जात असे. खेळाडूंना आपला एकुलता एक वीर असा जाणं सोसेना. तेव्हा डेव्ह अर्नेसनने जहाजांच्या युद्धखेळातली कल्पना उचलली: जहाज एका गोळ्याने बुडत नाही, काही मारे सोसतं आणि मग बुडतं. तो वारसा आजही दिसतो. ३५ पैकी १ पॉइंट उरला तरी तुमचा फायटर त्याच ताकदीने तलवार चालवतो, तितक्याच वेगाने धावतो. शून्य झालं की एकदम कोसळतो. माणसाचं शरीर असं वागत नाही. जहाज बरंचसं असं वागतं.

(त्या पहिल्या खेळात सगळ्या क्लासना सहाचाच फासा होता. क्लासप्रमाणे वेगवेगळे फासे १९७५च्या पुरवणीत आले. तेव्हा तुमच्यासारखी तक्रार कोणाला आली असेल तर ती थोडी वेगळी असणार.)

म्हणून वर्णन करताना मी एक साधी पद्धत पाळतो. पॉइंट निम्म्याच्या वर असेपर्यंत कोणाच्याही अंगात काही घुसत नाही. ढालीवर आदळलेली गदा, मनगटात गेलेली झिणझिणी, कानाजवळून गेलेलं पातं, दमछाक. निम्म्याच्या खाली गेलं की पहिलं रक्त: फाटलेली भुवई, मांडीवर चीर. चौथ्या आवृत्तीत या निम्म्याच्या रेषेला ब्लडीड असं नावच होतं आणि २०२४मध्ये ते परत आलंय. खरी जखम एकच, जिने शून्य होतं ती. असं सांगितलं की रात्रीच्या झोपेने भरून आलेले पॉइंट खटकत नाहीत, कारण झोपेने दम आणि धीर परत येतो हे सगळ्यांना पटतं. विष लावलेला बाण असेल तर मात्र ओरखडा तरी दाखवावाच लागतो, नाहीतर विष गेलं कुठून?

तुमच्या डीएमला रक्तबंबाळ वर्णनंच आवडत असतील तर त्याच्यासाठीही सोय आहे. डीएमच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे, त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. मग पोटात तलवार घुसली तर आठवडाभर अंथरूण. पण हा नियम लावला तर स्पेल टाकणाऱ्यांचं पण कंबरडं मोडतं, लढायाही मोजक्याच ठेवाव्या लागतात. नुसत्या वर्णनाच्या हौसेसाठी तो लावू नये.

कोणी दुसरा खेळ खेळत असेल तर वरचं गणित तसंच्या तसं लागू होणार नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत फासाच नाही. वंशाचे पॉइंट एकदा, आणि दर लेव्हलला क्लासचा ठरलेला आकडा अधिक कॉन्स्टिट्यूशन. कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत कॉन्स्टिट्यूशन आणि साइझ यांच्या बेरजेला दहाने भागतात आणि तो आकडा अनुभवाने वाढत नाही. तिथे पिस्तुलाची भीती वाटते ती म्हणूनच.

शेवटी तुम्ही करायचं काय. डीएमशी बोला, पण सेशनच्या मध्ये नाही आणि आकडा कमी पडल्यावर तर नाहीच. "माझे वाढवून दे" असं न म्हणता "पुढच्या लेव्हलपासून सगळ्यांनी ठरलेला आकडा घ्यायचा का?" असं विचारा. विझार्डच्या ३८ ना हात लावू नका. त्याने ते नियमाने मिळवलेत. मागचे फासेही सुधारून द्यायचे का, हे डीएमवर सोडा. मी असतो तर तुमचे चार फासे ठरलेल्या आकड्यावर आणून दिले असते, पण नाही म्हणणारा डीएम चुकीचा ठरत नाही.

तो नाही म्हणाला तरी सहावी लेव्हल जवळ आहे आणि फायटरला तिथे आणखी एकदा गुण वाढवायची किंवा फीट घ्यायची संधी मिळते. ठरलेला ६ धरून सहाव्या लेव्हलला तुमचे ४४ होतील. कॉन्स्टिट्यूशन १८ केलं तर ५०, आणि कॉन्स्टिट्यूशनचे सेव्हिंग थ्रोही (संकट टाळायचे फासेही) सुधारतील. टफ घेतलं तर ५६. स्ट्रेंग्थ २० केली तर ४४ वरच राहाल, पण प्रत्येक वार जरा जास्त लागेल. पुढे उभं राहायचंय ना? टफ घ्या. आणि डीएमला हा एक आकडा दाखवा: पहिल्यापासून ठरलेले आकडे घेतले असते तर याच लेव्हलला, कोणतंही फीट न घेता, तुमचे ५८ असते.